घरच्यासारखं

हिंदवाडीत एका घरमालकांनी मला खोली दाखवली. खिडकी उघडून वारा दाखवला, नळ सोडून पाणी दाखवलं, मी न मागता डिपॉझिटात पाच हजार कमी केले आणि आत चहा टाकायला सांगितलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आणि आपण काय करता?"

"वकिली."

त्यांनी आधी नळ बंद केला. मग खिडकी लावली. "तसं नव्हे ओ," ते म्हणाले, "ही खोली आमच्या पुण्याच्या भाच्यासाठी ठेवलेली. आत्ता आठवलं बघा."

चहा मात्र मिळाला. आल्याचा होता.

वकील, पोलीस आणि पत्रकार यांना बेळगावात घर मिळत नाही. पाटीवर असं कोणी लिहीत नाही. पाटीवर "फक्त फॅमिलीसाठी" आणि "फक्त शाकाहारी" एवढंच असतं, बाकीचं तोंडी. पोलिसाकडे भाडं मागायची भीती, पत्रकाराचं भाडं वाढवलं तर छापून यायची भीती. वकिलाची नेमकी कसली भीती ते मालकांना सांगता येत नाही, म्हणून ती जास्त. त्यात मी नुसती वकील नाही, भाडेकरूंची वकील. घरं आणि भाडी यांचीच प्रकरणं बघणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत काम करते. मला घर देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली देणं, असं एका मालकांनी माझ्या तोंडावर सांगितलं. म्हण बरोबर वापरली होती, त्यामुळे मला रागावताही आलं नाही.

अशी सहा घरं गेली. सातव्या वेळी, शहापुरात, मी शहाणी झाले होते.

"काय करतीस गे?" काकूंनी विचारलं.

"ऑफिसात असते."

"कसलं ऑफिस?"

"घरांचं."

"म्हणजे लोनचं काय?"

मी काहीच बोलले नाही. मौनाला संमती धरायची की नाही हे परिस्थितीवर अवलंबून असतं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. परिस्थिती मी काकूंवर सोपवली. मागच्या दोन खोल्या, महिना सहा हजार. काळा कोट मी कापडी पिशवीत घालून न्यायला लागले आणि ऑफिसात जाऊन चढवायला लागले. लोक चोरून दारू पितात, मी चोरून वकिली करते.

पहिल्या महिन्याचं भाडं दिलं तेव्हा काकूंनी नोटा मोजल्या, कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आणि डबा देवघरात गणपतीच्या मागे सरकवला. मी पावतीचा नुसता 'पा' काढला.

"अय्यो, पावती कशाला गे? घरच्यासारखी आहेस की."

दिवसभर दहा-बारा माणसांना "पावतीशिवाय एक रुपया देऊ नका, आणि पावतीवर तारीख घालून घ्या" असं बजावणारी मी, "होय की" म्हणून मागच्या दारानं परत आले. याला चार वर्षं झाली. माझ्याकडे चार वर्षांची एकही पावती नाही.

आमची संस्था म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या, एक बाक आणि दीड टेबल. टेबलाचा राहिलेला अर्धा भाग शेजारच्या हिशेबनीसाचा. खोली अर्थातच भाड्याची, आणि मालक दर महिन्याच्या पाच तारखेला दारात उभे राहून आत बसलेल्या भाडेकरूंना मी त्यांचे हक्क सांगते ते ऐकत असतात. मग भाडं घेऊन जातात. ज्याच्याकडे वकिलाची फी नाही त्याला सल्ला द्यायचा, नोटिशीला उत्तर लिहायचं, मिटत असेल तर मिटवायचं आणि नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवायचं, हे आमचं काम. मोफत वकिलाचा कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट नाही, ती कितीही श्रीमंत असली तरी तिला सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यामुळे आमच्याकडे अर्ज कायम बायकोच्या नावानं येतात आणि नवरा मागे उभा राहून उत्तरं देतो. एकदा मालकीणही बाई आणि भाडेकरूही बाई निघाली. दोघींना फुकट वकील मिळाले. ते भांडण मिटता मिटेना, कारण मिटवून कोणाचा काहीच फायदा नव्हता.

भाड्याला आमच्या भागात बाडगी म्हणतात. शब्द कन्नड, पण बेळगावच्या मराठीनं तो कधीच घरात घेतलाय. घराला धारवाडी कन्नडात मनी म्हणतात, म्हणजे भाड्याचं घर ते बाडगी मनी. माझा असा समज आहे की बरेचसे घरमालक हा दुसरा शब्द इंग्रजी समजतात.

तर "घरच्यासारखं". या एका शब्दानं मला जेवढं काम दिलंय तेवढं कुठल्याही कलमानं दिलेलं नाही. भाडेकरू घरच्यासारखा असतो म्हणून करार नसतो. घरच्यासारखा असतो म्हणून पावती नसते. घरच्यासारखा असतो म्हणून त्यानं गणपतीत पाणी भरायचं असतं, मालकाच्या आईला दवाखान्यात न्यायचं असतं आणि मालकाच्या मुलीला बघायला पाहुणे आले की स्वतःची पोरं घेऊन दोन तास बाहेर फिरायचं असतं. आणि एके दिवशी पाण्याच्या टाकीवरून काहीतरी होतं, आणि घरच्यासारखा माणूस एका संध्याकाळी परका होतो. परका झाला की त्याला नोटीस येते. नोटिशीत त्याचं नाव पहिल्यांदाच पूर्ण लिहिलेलं असतं.

घर रिकामं करून घ्यायचं कारण बहुधा एकच असतं. मुलाचं लग्न ठरलंय. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर कायदा ते कारण मानतो, त्यामुळे आमच्या भागात मुलांची लग्नं फार लवकर ठरतात. वडगावच्या एका मालकांच्या मुलाचं लग्न सात वर्षं ठरतंय. अनगोळच्या एकांना मी विचारलं, "मुलगा काय करतो?" तर म्हणाले, "आठवीत आहे."

मालकांना मी हसते, पण त्यांची भीती खोटी नाही. ती त्यांना आजोबांकडून आलीय. देवराज अर्स यांच्या काळात, १९७४ साली, कर्नाटकानं जमीन सुधारणा कायदा दुरुस्त केला आणि कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या नावावर केली. कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरला आणि न्यायाधिकरणांनी निकाल दिले. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात "सात नंबर" हे शब्द अजून हळू आवाजात उच्चारले जातात. अशा घरातल्या नातवानं शहरात दोन खोल्या बांधून भाड्यानं दिल्या की त्याला भाडेकरूच्या जागी कूळ दिसतं. राहायला आलेला बँकेतला कारकून रात्री गुपचूप उठून सात नंबरचा फॉर्म भरत असणार, असं त्याला वाटतं.

त्यावर बारा वर्षांची अफवा. भाडेकरू बारा वर्षं राहिला की मालक होतो, हे बेळगावात सूर्य पूर्वेला उगवतो इतक्या खात्रीनं सांगतात. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात बारा वर्षं आहेत हे खरं, पण ती दुसऱ्याच्या जागेत मालकी सांगत घुसून बसलेल्यासाठी. भाडं देणारा माणूस मालकाच्याच परवानगीनं राहत असतो. तो बारा वर्षं राहो की बावन्न, भाडेकरूच राहतो. हे मी एका मालकांना अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "खरं आहे ओ तुमचं. पण अकरा वर्षं अकरा महिने झालेत, कशाला रिस्क?" कुंभमेळ्यासारखं बारा वर्षांनी एकदा बेळगावातल्या गल्ल्यांतून टेंपोवर गाद्या, कुकर आणि तुळशीची कुंडी निघते, ती या हिशेबानं.

अकरा महिन्यांचं रहस्य त्या मानानं सोपं आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, असं १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. नोंदणी म्हटलं की फी आली, खेपा आल्या. म्हणून आपल्याकडे भाड्याचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. बारावा महिना कुठे जातो ते मला अजून कळलेलं नाही. भाडं मात्र त्याचंही घेतात.

लेखी करार असतो तेव्हाही तो वाचण्यासारखा असतो. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडे एकच नमुना असतो, तो कधीकाळी बेंगळूरहून आलेला. वडगावच्या एका विणकर कुटुंबानं, ज्यांच्या घरावर पत्रे होते, आपण लिफ्टचा गैरवापर करणार नाही आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या जागेत गाडी लावणार नाही असं सही करून कबूल केलं होतं. आणि ते त्यांनी अक्षरशः पाळलं, हे मी कोर्टात ठासून सांगितलं.

बेळगावचे मालक तरी बरे, असं मला रिसालदार गल्लीतून जाताना वाटतं. तिथे एक जुनं घर स्मारक म्हणून जपलंय. १८९२ च्या ऑक्टोबरात कोल्हापूरहून आलेला एक तरुण संन्यासी तिथे भाट्यांकडे उतरला होता. अजून शिकागोला गेलेला नव्हता, त्यामुळे तो कोण हे कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. भाट्यांच्या घरातली आठवण अशी, की पाहुण्यानं जेवणानंतर पान-सुपारी मागितली, पाठोपाठ खायचा तंबाखू मागितला, आणि शाकाहारी आहात का विचारल्यावर परमहंस संन्याशाला पुढे येईल ते चालतं असं सांगितलं. आज हिंदवाडीतल्या मालकांपुढे विवेकानंद उभे करून बघा. एकटे, परगावचे, नोकरी नाही, तंबाखू खातात, नॉनव्हेज चालतं. पुण्याचा भाचा दोन मिनिटांत आठवला असता. त्यांना आसरा देणारे भाटे वकील होते, हे मी मुद्दाम शेवटी सांगतेय.

दर गुरुवारी मी निपाणीला जाते. माहेरही तेच, त्यामुळे एका खेपेत दोन कामं. बेळगावपासून पाऊणशे किलोमीटर. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना साधी बस फुकट झाली, तेव्हापासून मी शून्य रुपयाचं तिकीट घेते आणि कंडक्टरला आधार कार्ड दाखवते. कार्डावरचा पत्ता चार घरांपूर्वीचा आहे. ज्याच्या नावाची पाटी त्या दारावर होती ते गृहस्थही आता तिथे नाहीत. भाडेकरूचं आधार कार्ड हे बऱ्याचदा ऐतिहासिक कागदपत्र असतं.

निपाणीची गंमत अशी की गाव संपायच्या आत राज्य संपतं. देवचंद कॉलेज निपाणीचं म्हणून सगळे ओळखतात, पण ते अर्जुननगरला आहे, आणि अर्जुननगर कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात. कॉलेजातली मुलं इकडेही खोल्या घेतात, तिकडेही. इकडे कर्नाटकाचा भाडे कायदा, तिकडे महाराष्ट्राचा. आणि सीमेवरून इतकी वर्षं भांडणाऱ्या या दोन राज्यांनी भाड्याच्या कायद्याला नाव मात्र एकाच सालाचं दिलंय, १९९९. महाराष्ट्राचा लागू झाला ३१ मार्च २००० ला, कर्नाटकाचा ३१ डिसेंबर २००१ ला. तिकडे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरायचं. इकडे करार लेखी हवा, पण भाडं ठरावीक आकड्याच्या वर गेलं की कायदाच लागू नाही. पहिल्या यादीच्या 'अ' भागातल्या शहरांत ३,५०० च्या वर, बाकीकडे २,००० च्या वर. आजच्या भावात बेळगावात ३,५०० ला गाडी लावायला जागा मिळते. त्यामुळे बहुतेक भाडेकरू भाडे कायद्याच्या बाहेर आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या आत राहतात, जिथे महिन्याच्या भाड्यावर असलेल्याला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. राणीच्या राज्यातला हा कायदा अजून खणखणीत आहे. त्याला कोणी घर खाली करायला सांगत नाही.

एका गुरुवारी एक मावशी नोटीस घेऊन आल्या. घेऊन आल्या म्हणजे नात घेऊन आली, मावशींचे हात मोकळे नव्हते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली टेंभुर्णीची पानं. माझ्या समोर बसून त्या बोलत होत्या आणि बोटं आपली आपण वळत होती. पान ठेवलं, चिमूट टाकली, गुंडाळलं, तोंड दुमडलं, दोरा. मान वर न करता. मी नोटीस वाचून होईपर्यंत पंचवीसचा एक कट्टा बांधून झाला होता. नोटीस इंग्रजीत होती आणि तिच्यात लिहिलं होतं की भाडेकरूनं राहत्या जागेचा व्यापारी वापर चालवला आहे.

"म्हणजे काय ओ?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही घरात बिड्या वळता म्हणून."

"मग काय रस्त्यात वळू?"

याहून चांगला युक्तिवाद मलाही सुचला नाही, पण कागदावर तो वेगळ्या शब्दांत लिहावा लागला. बिडी कामगारांचा तेव्हा लागू असलेला १९६६ चा कायदा कारखान्याची जागा कशाला म्हणायचं ते सांगताना राहतं घर कंसात वगळायचा. म्हणजे बिडी वळली म्हणून घराचा कारखाना होत नव्हता. हे झालं एक. दुसरं, मी टेप काढून खोली मोजली. दहा बाय बारा फूट, म्हणजे अकरा चौरस मीटर आणि वर चिमूटभर. कर्नाटकाच्या भाडे कायद्यात चौदा चौरस मीटरपर्यंतच्या धंद्याच्या जागेलाही संरक्षण आहे. भाडं बाराशे. घर म्हणा की दुकान म्हणा, मावशी आतच. इतकं सुंदर उत्तर मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. टाइप करून दोनदा वाचलं.

मालक उत्तर वाचून स्वतः आले. सत्तरीचे, धोतर, डोक्याला टोपी. ते कायद्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. इकडे तिकडे बघत म्हणाले, "वीस वर्षं ही बाई सकाळी दोन बिड्या ओट्यावर ठेवायची. घरच्यासारखं. सहा महिने झाले, बंद केल्या. मी काय मागितल्या होत्या काय? पण बंद का केल्या?"

मावशी म्हणाल्या, "पानं आणि तंबाखू मोजून देतात आता. कमी भरलं की पैसे कापतात. तुमच्या दोन बिड्या माझ्या पगारातनं जातात."

मालक गप्प बसले. निपाणीच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांवर 'युगांतर' गटानं १९८२ साली एक माहितीपट काढला होता, 'तंबाकू चाकिला ऊब आली'. त्या गावची ही बाई, हिशेब तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. शेवटी तडजोड झाली ती अशी: नोटीस मागे, भिंतीला चुना मालकाचा, आणि बिड्या विकत. मालकांनी तिथेच खिशातून पाच रुपये काढले. माझ्या उत्तराची प्रत टेबलावर तशीच पडली होती, तिच्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला.

आमच्या धंद्यात खरी क्रांती केली ती मात्र कुठल्या कायद्यानं नाही, विजेच्या बिलानं. २०२३ साली कर्नाटक सरकारनं गृहज्योती आणली. महिन्याला दोनशे युनिटांपर्यंत वीज फुकट, आणि भाडेकरूलाही. पण भाडेकरूनं अर्जासोबत करारपत्र किंवा त्या पत्त्याचा काही पुरावा दाखवायचा, आणि मीटरच्या आर. आर. नंबराला आधार जोडायचं. झालं. भाडेकरार लेखी हवा असं कायदा दोन दशकं सांगत होता, कोणी ऐकलं नव्हतं. त्या जून-जुलैत आमच्या बाकावर बसायला जागा नव्हती. पंचवीस वर्षं घरच्यासारखे राहिलेले लोक येऊन विचारायला लागले, "म्याडम, ॲग्रिमेंट कसं करतात ओ?" आणि पंचवीस वर्षं वडिलांसारखे वागलेले मालक ॲग्रिमेंट म्हटल्यावर पुण्याच्या भाच्याची आठवण काढायला लागले.

अनगोळच्या एका मालकांकडे तीन भाडेकरू, तीन मीटर. ऑगस्टपासून तिन्हींचं बिल शून्य आलं. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलाची पट्टी हातात घेऊन भाडेकरूंनी बघितलं, खाली गोल भोपळा. मालकांच्या वहीत मात्र दर महिन्याला प्रत्येकी तीनशे लागतच होते. मी त्यांना बोलावलं.

"बिल शून्य आलंय ना?"

"आलंय की."

"मग तीनशे कसले?"

"मीटर कोणाच्या नावावर? माझ्या. माफ कोणाला केलं? मला. त्यांना कुठं माफ केलंय?"

त्यांच्या डोळ्यांत कपट नव्हतं, हे मला लिहायलाच हवं. ते मनापासून बोलत होते. सरकारनं आपल्या नावावर ज्योत पेटवली आणि भाडेकरू तिच्यावर हात शेकतायत असंच त्यांना दिसत होतं. दोन महिन्यांचे पैसे त्यांनी परत दिले, पण त्या रात्रीपासून जिन्यातला दिवा बंद झाला. तो त्यांच्या मीटरवर होता.

तरी काळ बदलतोय. पूर्वी मालक भाडं घेईना झाला की आम्ही मनीऑर्डर करायला सांगायचो, "घेण्यास नकार" असा पोस्टमनचा शेरा हाच पुरावा. आता भाडं फोन पे वर जातं आणि टिंग वाजतं. घरच्यासारखंला त्या टिंगनं जेवढा सुरुंग लावलाय तेवढा आम्ही पंचवीस वकिलांनी मिळून लावला नसता. हुशार मालकांना हे कळलंय. ते म्हणतात, "फोन चार्ज नसतो ओ माझा, कॅशच द्या."

प्रकरण कोर्टात गेलंच तर तिथे भाषेची वेगळीच मजा. मालक मराठी, भाडेकरू मराठी, दोघांचे वकील मराठी, आणि कामकाज कन्नडात. साक्षीदार "त्यानं मला शिव्या दिल्या" असं सांगतो, त्या शिव्या कन्नडात उतरवल्या जातात आणि उतरताना बऱ्याच सभ्य होतात. अर्थात मालकाला कन्नडात मालीक म्हणतात आणि भाडेकरूला बाडिगेदार, त्यामुळे मुख्य मुद्दा सगळ्यांना कळतो. उशीर झाला तर मात्र पक्षकार मलाच टोमणा मारतात. १९५६ पासून दोन राज्यांचा जागेचा वाद, त्याचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. "त्यांचंच अजून झालं नाही," एक आजोबा म्हणाले, "माझ्या दीड खोलीचं कधी व्हायचं ओ?"

हे सगळं मी काकूंच्या घराच्या मागच्या खोलीत बसून लिहिलं असतं तरी त्यांना पत्ता लागला नसता. पण गेल्या जुलैत पाऊस असा लागला की कोट भिजला तो तीन दिवस सुकेना. घरातल्या घरात दोरी बांधून, पंखा लावून बघितला. चौथ्या दिवशी रविवारी ऊन आलं. काकू देवळात गेलेल्या बघून मी तो परसात दोरीवर टाकला, वर चादर झाकली, आणि झोपले.

दार वाजलं तेव्हा काकू उभ्या होत्या. हातावर माझा कोट, नीट घडी घातलेला. सर आली होती, वाळत घातलेलं सगळं त्यांनी आत आणलं होतं.

"लोनच्या ऑफिसात हे घालतात काय गे?"

मी मनात खोल्या आवरायला घेतल्या. गाद्या दोन, कुकर एक, पुस्तकांची खोकी सहा. टेंपोवाल्याचा नंबर कुठे ठेवलाय ते आठवायला लागले.

"चार वर्षं वकील घरात ठेवली," काकू म्हणाल्या, "आणि मी आपला नोटीस घेऊन पंधरा दिवस झाले हिंडतोय."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना हिंडतोय, आलो, गेलो असंच म्हणतात. मला एवढंच ऐकू आलं की नोटीस माझ्यासाठी नाही. कोटाच्या घडीखाली साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत घडी घालून घालून मऊ झालेला कागद. घर काकूंच्या दिरांच्या नावावर. दीर पुण्याला, ते वारले. आता पुतण्यांनी पाठवलं होतं, दोन पानं, इंग्रजीत.

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"काय म्हणतंय?"

"म्हणतायत की तुम्हाला इथे कुटुंबातल्या म्हणून, आपलेपणानं, काही मोबदला न घेता राहू दिलं होतं. हक्क म्हणून नाही. आणि आता तीस दिवसांत..."

"म्हणजे काय गे?"

दुसरा शब्द मी खूप शोधला. "म्हणजे घरच्यासारखं," मी म्हणाले.

काकू कॉटवर टेकल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "मोबदला कसा घेतला नाही? दर दिवाळीला पैसे पाठवत होतो की मी. पुण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडनं. तुझ्या भाड्यातले अर्धे."

"पावती आहे?"

"दिराकडनं कसली गे पावती?" असं त्या बोलून गेल्या आणि मग आम्ही दोघीही देवघराच्या दिशेनं, गणपतीच्या मागे कुंद्याचा डबा असतो तिकडे, थोडा वेळ बघत राहिलो.

मी म्हणाले की उत्तर लिहू, मुदतीच्या आत जाईल, सिटी सर्व्हेचा उतारा काढावा लागेल, मिस्टरांचे जुने कागद असतील तेवढे द्या. काकूंनी उठून ट्रंक उघडली. घरपट्टीच्या पावत्या, एक पिवळं पडलेलं वाटणीपत्र, लाइटबिलांचा गठ्ठा, लग्नातला एक फोटो. फोटो कशाला ते मी विचारलं नाही. सगळं माझ्या टेबलावर मांडलं.

"फी किती गे तुझी?"

"फी कसली काकू," मी म्हणाले, "तुम्ही घरच्यासारख्याच की."

काकूंनी कागदांवर ठेवलेला हात उचलला नाही.

"तसं नको. अस्सल कागद देऊलालोय तुला. पावती दे."

मी वहीचं पान फाडलं, कोणते कागद मिळाले त्याची यादी केली, खाली सही केली आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि पान माझ्याकडे परत केलं.

"तारीख घाल की."